कुलूपवहिनी

रिफायनरीच्या मोठ्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराची एक बुटकी खोली लागते. खोलीला एक खिडकी, खिडकीला एक फळी आणि मागच्या भिंतीवर ओळीनं खिळे. खिळ्यांवर लाल कुलपं लटकलेली असतात. त्या खिडकीत कुलूपवहिनी बसतात. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेलच, पण ते घेऊन गावात चौकशी केलीत तर लोक तुम्हाला भलत्याच घरी पाठवतील. कुलूपवहिनी म्हटलंत तर रस्त्यावरचं कोणीही दारापर्यंत आणून सोडेल आणि वर, चपला नीट ओळीत काढा, नाहीतर ओरडतात, अशी सूचनाही देईल.

गाव रिफायनरीचं आणि रिफायनरी गावाची, असं भाषणांत म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे दोघांचा संसार आहे, आणि संसारात जे जे असतं ते सगळं त्यात आहे. वारा फिरला की सडक्या अंड्यासारखा वास घराघरांत शिरतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी संध्याकाळी करड्या होऊन खाली येतात, आणि बायका तोंडातल्या तोंडात कारखान्याचा उद्धार करतात. पण गावात कुठे आग लागली की पहिला बंब रिफायनरीचाच येतो. बाळंतपण अडलं तर रिक्षा रिफायनरीच्या दवाखान्याकडेच वळते. आणि उद्धार करणाऱ्या बाईचा नवरा, भाऊ नाहीतर जावई त्याच फाटकातून आत जात असतो. उंच नळीच्या टोकावर जास्तीचा वायू जाळणारी मशाल रात्रंदिवस पेटलेली असते. अंधार म्हणजे काय, हे इथल्या पोरांना परगावी पाहुणे म्हणून गेल्यावर कळतं.

आत नेमकं काय चालतं ते वहिनी शाळेच्या सहलीला चहा निवायच्या आत सांगून मोकळ्या होतात. जहाजातून कच्चं तेल येतं, काळंकुट्ट आणि दाट. ते भट्टीत तापवायचं आणि समोरच्या त्या उंच लोखंडी मनोऱ्यात सोडायचं. त्याला कॉलम म्हणायचं. कॉलमच्या पोटात भोकं पाडलेल्या थाळ्या असतात, एकीवर एक. तापलेल्या तेलाची वाफ वर चढते आणि निवत जाईल तशी वेगवेगळ्या थाळ्यांवर उतरते. वरच्या अंगाला पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी जो गाळ उरतो त्याचं डांबर. "हलकं ते वर, जड ते खाली," वहिनी म्हणतात. "ऑफिसातही तसंच आहे, पण ते तुम्हाला मोठेपणी कळेल." बरोबर आलेले मास्तर हसायचं की नाही या विचारात पडतात, तोवर वहिनी पुढच्या माणसाशी बोलायला लागलेल्या असतात.

दर काही वर्षांनी हा सगळा पसारा थांबवतात. तेल काढून टाकतात, कॉलम धुतात, त्याची तोंडं उघडून माणसं आत सोडतात. झिजलेल्या थाळ्या बदलतात, भेगा शोधतात. याला शटडाउन म्हणतात. तेवढे दिवस मशाल विझते, गावाला झोप येत नाही, आणि बाहेरून आलेल्या कामगारांनी प्रत्येक भाड्याची खोली, प्रत्येक खाणावळ आणि न्हाव्याची खुर्ची भरून जाते.

वहिनींची कुलपं तेव्हा कामाला लागतात. ज्या पोटात माणसं शिरणार, त्यात चुकून वाफ किंवा तेल सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून कॉलमकडे येणारी प्रत्येक नळी बंद करून तिच्या झडपेच्या चाकाला साखळी आणि कुलूप घालतात. त्या कुलपांच्या किल्ल्या एका लोखंडी पेटीत जातात. आणि पेटीच्या झाकणावर, आत जाणारा प्रत्येक माणूस आपलं स्वतःचं लाल कुलूप अडकवतो, त्यावर त्याचा फोटो. किल्ली त्याच्या खिशात. बाहेर आला की त्यानंच ते काढायचं. एक जरी कुलूप लटकत असेल तरी पेटी उघडत नाही, म्हणजे कॉलममध्ये वाफ जात नाही. आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. कुलूप लटकत ठेवून जो घरी जाईल, त्याला वर्षभर फाटक बंद. यात वहिनींनी आजवर कोणाची गय केली नव्हती. पायाला हात लावणारे आले, बायकोला पुढे घालणारे आले. वहिनी त्या बायकोला पाणी द्यायच्या आणि नवऱ्याचा फोटो फाटकावर लावायच्या.

त्या या कामात आल्या त्या हौसेनं नव्हे. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा रिफायनरीच्या कामगारांची बस चालवायचा, अजूनही चालवतो. सासू वर्षभरात गेली आणि मागे धाकटा दीर ठेवून गेली. गुडघे फुटलेला, शाळेत जायचा, आणि दिसेल त्या झाडावर, खांबावर, पत्र्यावर चढायचा. म्हणून त्याला खारू म्हणत. वहिनींचं स्वतःचं वय तेव्हा काही फार नव्हतं, पण दिराची शाळा, दप्तर, ताप, मारामाऱ्या सगळं त्यांच्या पदरात पडलं. घर चालेना म्हणून एका शटडाउनमध्ये त्या कॉलमच्या तोंडाशी बसायच्या कामावर गेल्या. आत किती गेले, बाहेर किती आले यावर नजर ठेवायची आणि जागचं हलायचं नाही, एवढंच ते काम. इतर बसणारे पेंगायचे. वहिनी थोड्या थोड्या वेळानं आत तोंड घालून एकेकाला नावानं हाक मारायच्या आणि ओ आल्याशिवाय गप्प बसायच्या नाहीत. फिटर वैतागायचे. एकदा एकानं आतून ऐकवलं की माझी आईसुद्धा मला इतक्या हाका मारत नाही. वहिनींनी बाहेरून ऐकवलं, "ती तुला ओळखून आहे, मी नाही. ओ दे." पुढच्या शटडाउनला तोच फिटर मुकादमाकडे गेला आणि म्हणाला की तोंडाशी त्या बाई असतील तरच मी आत उतरतो. ही खिडकी त्यानंतर त्यांना मिळाली.

खारू मोठा झाला तो फिटर झाला, दुसरं काय होणार. ठेकेदाराच्या टोळीत होता, वहिनींनीच शब्द टाकला होता. काम चोख करायचा, पण घाई अंगात भरलेली. टोळीतले लोक म्हणायचे की हा शिडीच्या दोन पायऱ्या सोडून चढतो आणि तीन सोडून उतरतो.

गोष्ट आहे गेल्या शटडाउनच्या शेवटाची. काम संपलं होतं. कॉलमची वरची तोंडं बोल्ट आवळून बंद झाली होती, खालचं तेवढं उघडं होतं. आता किल्ल्या काढायच्या, वाफ सोडायची, भट्टी पेटवायची. फाटकाबाहेर टँकरची रांग वळणापर्यंत गेली होती, गावातल्या पेट्रोल पंपावर दोरी बांधलेली होती, आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

सकाळी मुकादम खिडकीशी आला. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, खाली मान घालून बोलणारा. पेटीवर एक कुलूप राहिलंय, असं त्यानं हळूच सांगितलं. फोटो कोणाचा, ते वहिनींनी विचारलं. तो मिशी चोळत राहिला तेव्हा त्यांनीच ओळखलं.

"माझ्याकडे कटर आहे," मुकादम म्हणाला. "टचकन तुटेल. तुम्ही भिंतीवर दुसरं लावा. तुम्ही आणि मी सोडून कोणाला कळणार नाही. नाहीतर वहिनी, पोराचं फाटक बंद होईल हो. नुकता कुठे हात बसलाय त्याचा."

"तो आहे कुठे?"

"असेल घरी, झोपला असेल."

तो घरी नव्हता. पण शटडाउनच्या दिवसांत टोळीतले लोक ठेकेदाराच्या शेडमध्येच आडवे व्हायचे, त्यामुळे रात्री ताट झाकून ठेवताना वहिनींनी फारसा विचार केला नव्हता. आता त्यांनी फोन लावला. बंद. शेडमध्ये माणूस पाठवला. नाही. मुकादम म्हणाला, फाटकावरच्या मशीनमध्ये त्याचं कार्ड लागलंय, काल संध्याकाळी तो बाहेर गेलाय, हवं तर चला दाखवतो.

"मशीन माझा दीर नाही, मुकादम. तुम्ही त्याला डोळ्यांनी बाहेर जाताना पाहिलंत?"

मुकादमानं पाहिलं नव्हतं. फाटकावरच्या शिपायांनीही नाही. आणि गाड्यांच्या शेडमध्ये खारूची मोटरसायकल उभी होती, रात्रभर उभ्या गाडीवर बसतो तो मशालीच्या काजळीचा थर सीटवर नव्हता एवढंच, कारण मशालच बंद होती. वहिनींनी सीटवरून हात फिरवला आणि तिथून त्या सरळ वेल्डरकडे गेल्या.

वेल्डर खारूचा जिवलग. लहानपणापासून वहिनींच्या घरी जेवलेला. त्यानं आधी, हो, काल आम्ही बरोबरच बाहेर पडलो, असं ठोकून दिलं. वहिनी नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. ज्यांनी ते बघणं अनुभवलंय त्यांना माहीत आहे, त्यापेक्षा चार थपडा परवडतात. वेल्डरनं मान टाकली. खारूनं दुपारीच त्याच्या हातात कार्ड दिलं होतं. मला लवकर सटकायचंय, सुट्टी झाली की माझंही लावून टाक, म्हणाला. असं कार्ड एकमेकांचं सगळेच लावतात, वहिनी. कुठे जायचं होतं? ते त्यानं सांगितलं नाही. शेवटचं पाहिलं कधी? हातातला पाना घेऊन वरच्या थाळीकडे चढताना.

म्हणजे बाहेर गेलं ते कार्ड. माणूस गेलेला कोणीच पाहिला नव्हता.

वहिनींनी तोंडाशी बसणाऱ्या दोघांना बोलावून घेतलं. खालच्या तोंडाशी होता तो म्हणाला, आत गेलेल्यांपैकी एक माझ्याकडून बाहेर आला नाही, पण वरून निघाला असेल असं मी धरलं. वरच्या तोंडाशी बसलेला म्हणाला, माझ्यासमोर सगळे निघाले, जो नव्हता तो खालून गेला असेल असं मी धरलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुकादमानं हातातला कटर हळूच जमिनीवर ठेवला.

एवढं झाल्यावर मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पण सगळा कारखाना एका कुलपावर अडकलाय हे ऐकून त्यांचा आवाज चढला होता. खालच्या तोंडातून बघितलं ना, कोणी नाही ना, मग? वहिनी म्हणाल्या, खालून बघितलं तर पहिली थाळी दिसते, वरच्या थाळ्यांची झाकणं लावलेली आहेत. वरचं तोंड पुन्हा उघडायला हवं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तोंड उघडायचं, परत बंद करायचं, परत तपासायचं, म्हणजे दिवस गेला.

"बाई, लोक म्हणतील, घरच्या माणसासाठी कारखाना थांबवला."

"घरचा नसता तरी थांबवला असता, साहेब. घरचा आहे म्हणून थांबवू नको, असं म्हणताय का?"

साहेबांनी मान वर करून कॉलमकडे बघितलं. मग म्हणाले, "उघडा वरचं तोंड." हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं, कारण नंतर गावात त्यांचं नाव कोणी घेतलं नाही.

फिटर वर चढले आणि आवळलेले बोल्ट परत सोडायला लागले. आत आम्ही जातो, असं दोघं-तिघं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मीच जाणार. माझ्या हाकेला ओ द्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे. ऐकत नाही, पण ओ देतो. आतल्या हवेची तपासणी झाली. वहिनींनी भिंतीवरून स्वतःसाठी एक कुलूप घेतलं, पेटीवर खारूच्या कुलपाशेजारी अडकवलं आणि किल्ली पदरात नव्हे, कामाच्या डगल्याच्या खिशात टाकून खिशाची चेन ओढली. मुकादमाला तोंडाशी बसवलं. हाक मारत राहायचं, त्यांनी बजावलं, आणि जागचं हलायचं नाही.

कॉलमच्या अंगाला चिकटून जिना वर जातो. वहिनींचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतात, आणि अंगानंही त्या काही काटकुळ्या नाहीत. मधल्या फलाटावर थांबून त्यांनी दम खाल्ला, खाली बघितलं नाही. वरच्या तोंडापाशी पोचल्यावर मात्र अडचण झाली. तोंड गोल, अरुंद, आणि वहिनी त्यात खांद्यापर्यंत जाऊन अडकल्या. मुकादम अतिशय सभ्य माणूस. त्यानं डोळे मिटले, "माफ करा, वहिनी," म्हणाला आणि दोन्ही हातांनी त्यांना आत लोटलं.

आत ओल्या लोखंडाचा वास होता. हेल्मेटवरच्या दिव्याचा उजेड थाळीच्या भोकांतून खाली गळत होता आणि खालच्या थाळीच्या भोकांतून आणखी खाली. वहिनींनी हाक मारली. लोखंडानं ती फिरवून फिरवून परत दिली. त्यांनी मधली झाकणं स्वतःच उचलून बाजूला सारली आणि एकेका थाळीवर उतरत, कधी बसून सरकत, त्या प्रत्येक कोपऱ्यात उजेड फिरवत गेल्या. खारू, अरे खारू. मुकादम वरून हाका मारत होता, त्यालाही त्या ओ देत होत्या. कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की त्या हाका मारणं सोडून त्याच्याशी बोलतायत. चिडणार नाही, म्हणत होत्या. ओरडणार नाही, फाटक-बिटक मरू दे, नुसता ओ दे. त्या शटडाउनच्या आधी आणि नंतरही कुलूपवहिनींच्या तोंडून कोणी असलं काही ऐकलेलं नाही. मुकादमानं ऐकलं. त्यानं कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ते ठरवणं आठवडाभर टिकलं.

तळापर्यंत काही नव्हतं. खालच्या तोंडातून वहिनी बाहेर आल्या, पेटीपाशी गेल्या आणि आपलं कुलूप काढलं. खारूचं तसंच राहिलं. आत नाही, घरी नाही, शेडमध्ये नाही. मग आता कुठे बघायचं, टाक्यांमध्ये की भट्टीत, असं कोणीतरी म्हणालं.

दुपारच्या पाळीची बस आली ती त्याच वेळी. वहिनींचा नवरा गाडी लावून उतरला, गर्दी बघून धावत आला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. खारू आत नाही, त्यानं सांगितलं. काल दुपारी त्यानंच त्याला बसमधून नेऊन स्टेशनवर सोडलं होतं. बस मागच्या फाटकानं जाते, तिथे बसमध्ये चढून कोणी कार्ड बघत नाही. परगावच्या एका रिफायनरीत कायमच्या नोकरीची परीक्षा होती आज. तोंडाशी बसणाऱ्याचा डोळा लागला असेल, तेवढ्यात हा बाहेर निघाला असेल; पेटी कॉलमच्या पलीकडच्या अंगाला, बस सुटायला आलेली, आणि भाऊ हॉर्न वाजवतोय म्हणून कुलूप न काढता तसाच पळत आला असेल, असं तो म्हणाला.

वहिनी पेटीवर बसल्या. कपाळावर काजळी, बाह्यांना गंज.

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, आधी शटडाउन संपव, मग परीक्षा दे."

वहिनी तसंच म्हणाल्या असत्या. ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. ज्या पोराला हाताला धरून शाळेत नेलं, त्याच्या परीक्षेची बातमी घरातल्या एकाला माहीत होती, पण तो एक म्हणजे त्या नव्हत्या.

साहेबांनी त्या रिफायनरीत ओळखीच्या कोणाला तरी फोन लावला. पेपर सुरू होता, तिथल्या लोकांनी खारूला बाहेर बोलावून घेतलं. साहेबांच्या फोनमधून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"वहिनी?"

"किल्ली कुठे आहे?"

पलीकडे खिशात हात गेला असणार. मग त्यानं भराभरा बोलायला सुरुवात केली. चुकलो, आत्ता निघतो, रात्रीची गाडी मिळेल, सकाळी येऊन स्वतः काढतो.

"काही यायचं नाही. तू जिवंत आहेस, बाहेर आहेस, हे दहा जणांनी ऐकलं. आता साहेबांच्या सहीनं कुलूप मी कापते. तुझं नाव वर जाणार आणि वर्षभर फाटक बंद होणार. तेव्हा आत जा आणि पेपर नीट लिही. इथे परत यायची सोय आता राहिलेली नाही."

फोन ठेवला. मुकादम पुन्हा त्यांच्या कानाशी आला. आता तर कोणाच्या जिवाचा प्रश्न उरला नव्हता. कुलूप बिघडलं होतं, किल्ली फिरत नव्हती, एवढंच लिहिलं तर? साहेब दुसरीकडे बघत उभे होते, म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं आणि त्यांची हरकत नव्हती. नवरा तर हात जोडायचाच बाकी होता. सगळ्यांनी मिळून खारूचं फाटक वहिनींच्या ओंजळीत आणून ठेवलं होतं, नुसती मूठ मिटायची होती.

"आज बिघडलं म्हणून लिहिलं," वहिनी मुकादमाला म्हणाल्या, "तर पुढच्या वेळी लटकतं कुलूप बघून तुम्हीच म्हणाल, बिघडलं असेल. आणि त्या वेळी आत कोणीतरी असेल. द्या इकडे कटर."

कटर जड होता. वहिनींनी सगळा भार टाकला तरी पहिल्यांदा नुसता ओरखडा उठला. दुसऱ्यांदा कडी तुटली. खारूचा फोटो वर तोंड करून चिखलात पडला. वहिनींनी तो उचलला, पुसला आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं, फक्त उशिरा. तोंडं बंद झाली, वाफ सुटली, भट्टी धडधडायला लागली. दुसऱ्या दिवशी मशाल पेटली आणि गावाला झोप लागली. टँकर हलले, पंपावरची दोरी सुटली, चादरी करड्या व्हायला लागल्या. वेल्डरलाही कार्डापायी महिनाभर घरी बसवलं. गावात मात्र बोलणं उठलं. किराणाच्या दुकानात, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या बाकावर. सख्खा असता तर कापलं असतं का? शेवटी दीर तो दीरच. वहिनींच्या पाठीमागे लोक बोलत आणि समोर आल्या की तेलाच्या पिशवीचा भाव विचारत. घरात नवरा बोलत नव्हता. वहिनीही बोलत नव्हत्या, पण भांडी त्यांच्या वतीनं बरंच काही बोलत होती.

खारू आला तो चोरासारखा मान खाली घालून आला. फाटकावरचा आपला फोटो बघूनच आला होता. पेपर कसा गेला हे भावानं विचारलं, बरा, म्हणाला. वहिनींशी शब्द नाही. ताटावर बसायचा, उठायचा, पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. असे बरेच दिवस गेले. वहिनींनी काही समजावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. कामावर गेल्या, आल्या, वाढलं.

मग एका दुपारी वेल्डर त्याला भेटायला आला. वेल्डरला मुकादमानं कॉलममधलं सगळं सांगितलं होतं. दोघं बराच वेळ बाहेर कट्ट्यावर बसले होते.

संध्याकाळी वहिनी कामावरून आल्या तेव्हा खारू स्वयंपाकघरात बसला होता. त्यांनी पाय धुतले, स्टोव्ह पेटवला. तो त्यांच्या हातांकडे बघत होता. कोपरापाशी गंजलेल्या कडेनं खरचटलेलं अजून पुरतं भरलं नव्हतं.

"वरच्या तोंडातून गेलात म्हणे," तो म्हणाला.

"हं."

"मावलात कशा?"

वहिनींनी वळून बघितलं. "नाही मावले. मुकादमानं ढकललं. अजून माझ्याकडे बघत नाही तो."

खारू हसला, मग त्याचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि त्यानं चेहरा बाहीत खुपसला. वहिनींनी त्याला तसं राहू दिलं. पातेलं उतरवलं, दुसरं चढवलं.

थोड्या वेळानं त्यानं बाहीतूनच विचारलं की मी खरंच आत असतो तर.

"तर सापडला असतास," वहिनी म्हणाल्या. "उठ, ताटं घे. आणि भावाला हाक मार. बाहेर बसून कान देऊन ऐकतोय, त्यापेक्षा आत येऊन जेवू दे त्याला."